मधलं तुझं, टोकं माझी

मंगळवारी आईने हॉटेलातून धुवायला आलेल्या सतरा शर्टांना इस्त्री केली. पूर ओसरून दोन महिने झाले होते, तरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीला गाळाची पिवळी रेघ तशीच होती. शर्ट त्या भिंतीला लागू नये म्हणून ती एकेक शर्ट दोन्ही हातांवर आडवा घेऊन माडीवर ठेवून येई, आणि जिना उतरताना पुढचं वाक्य घेऊन येई. मी टेबलाशी लेखणी घेऊन बसले होते. शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंतचा वेळ आमच्या पुस्तकाचा असे. त्या दिवशी नववं, म्हणजे शेवटचं प्रकरण चाललं होतं.

"लिही. माझ्या हातात होडीचा दोर होता."

"आई, आपण कॅनडातून आगगाडीने निघालो. सामान होतं. बाबांची कबर मागे ठेवून आलो. होडी अगदी शेवटी आली."

"ते सगळं मधे घाल. मधलं तुझं, टोकं माझी."

हे ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. प्रकरणाची पहिली ओळ आणि शेवटची ओळ ती सांगेल तशीच राहायची. मधे मी काय करीन ते करीन.

गुलामगिरीतून पळून आलेल्या माणसांची पुस्तकं मी पुष्कळ वाचली होती. शिक्षिकेचं शिक्षण घेत असताना ती एका कपाटात ओळीने लावलेली असत आणि मी ती एकामागून एक संपवली होती. त्यांची एक रीत असते. पहिल्या ओळीत जन्म, गाव, आणि जन्मतारीख ठाऊक नाही ही कबुली. प्रकरण संपताना एखादी प्रार्थना, नाहीतर वाचकाला घातलेली हाक. ती रीत मला आवडायची. पहिल्या ओळीने वाचकाला घरात घ्यावं आणि शेवटच्या ओळीने मागे दार लावून घ्यावं, असं मी शाळेत निबंध शिकवताना सांगत असे. म्हणून मी आईला सुरुवातीलाच म्हटलं होतं, जन्मापासून सुरू करू.

"जन्माच्या वेळी मी हजर होते," ती म्हणाली होती, "पण माझं लक्ष नव्हतं. जिचं लक्ष होतं तिला विकलं. पुढे चल."

तर आईची प्रकरणं तिच्या हातांत काय होतं तिथून सुरू होत. पहिलं प्रकरण, 'माझ्या हातात तागाची पेंढी होती.' दुसरं, 'माझ्या हातात दुसरीचं मूल होतं.' ज्या प्रकरणात ती केंटकीतून नदी ओलांडून पळते त्याची पहिली ओळ 'माझ्या हातात काहीच नव्हतं' अशी आहे. ही सुरुवात मला आधी विचित्र वाटली, मग चांगली वाटू लागली, आणि मी ती राहू दिली.

शेवट मात्र दर वेळी डेल्फीने होई.

डेल्फी म्हणजे आईची पहिली मुलगी. तिला चौथ्या वर्षी मालकाच्या लेकीच्या लग्नात आहेर म्हणून देऊन टाकलं. त्यानंतर सव्वा वर्षाने आई पळाली, कॅनडात चॅटमला पोचली, तिथे माझ्या बाबांशी लग्न केलं आणि मी झाले. बाबा न्हावी होते. मी अकरा वर्षांची असताना तापाने गेले. अमेरिकेतली यादवी संपली, गुलामगिरी गेली, तशी आई मला घेऊन दक्षिणेकडे निघाली ती ओहायोच्या अगदी काठाला, रिप्लीला येऊन थांबली. समोर नदी, नदीपलीकडे केंटकी. डेल्फीला सोडलं असेल तर ती याच बाजूने वर येईल, असं तिचं म्हणणं. सतरा वर्षं रोज सकाळी पलीकडची होडी लागायच्या वेळेला ती धक्क्यावर जाऊन उभी राहिली. घरातल्या दोन्ही खाटांची उशी नदीच्या बाजूला होती.

माझ्या प्रत्येक वाढदिवसाला आई आधी माझ्या वयात सहा मिळवायची. "विनी सात, म्हणजे डेल्फी तेरा." मग केक कापायची. मी स्वतःहून डेल्फीचं नाव कधी तोंडाने घेतलं नाही. घ्यायची वेळ आली तर 'ती' म्हणे, किंवा 'तुझी ती मुलगी.' आईने मला त्यावरून कधी टोकलं नाही.

त्या मंगळवारी सतरावा शर्ट माडीवर ठेवून ती खाली आली, खुर्चीवर बसली आणि तिने नवव्या प्रकरणाचा शेवट सांगितला. "डेल्फी आता छत्तीस वर्षांची आहे. डाव्या भुवईवर भाजल्याची खूण. तिची आई ओहायोत रिप्लीला नदीच्या पहिल्या गल्लीत राहते आणि रोज होडीला जाते. संपलं."

"एवढंच?"

"आणखी काय हवंय? देव, वाचक आणि स्वातंत्र्य तू मधे घातलंयस ना?"

"घातलंय."

"मग बास."

मी पक्की प्रत करायला घेतली. तिने चुलीवर वाल परतले, मक्याची भाकर टाकली. प्रत झाल्यावर तिने नेहमीसारखं एप्रनला बोट पुसलं आणि पुढे केलं. तिला वाचता येत नव्हतं. प्रत्येक प्रकरण झालं की ती हेच करत असे.

"दाखव, डेल्फी कुठाय?"

मी तिचं बोट धरून शेवटच्या ओळीवर ठेवलं आणि मोठ्याने म्हटलं, "डेल्फी आता छत्तीस वर्षांची आहे. डाव्या भुवईवर..." माझ्या आवाजाबरोबर तिचं बोट ओळीवरून सरकत गेलं. मी 'रिप्ली' म्हणेपर्यंत ते ओळीच्या बाहेर कोऱ्या कागदावर आलं होतं.

"माझं बोट आधीच पोचलं," ती म्हणाली.

"माझं अक्षर बारीक आहे."

"हो का?" ती म्हणाली. "डोळे जातील अशाने. जेवायला वाढ."

कागदावर लिहिलं होतं, 'आणि त्या शांत जळावरून मी स्वातंत्र्याच्या किनाऱ्याला कायमची लागले.' आधीच्या आठही प्रकरणांत मी हेच केलं होतं. डेल्फीच्या ओळी काढून तिथे माझ्या ओळी घातल्या होत्या. नऊ वेळा तीच मुलगी, तिचं वय, तिची खूण, पुन्हा वय. पुस्तकाला ते शोभत नाही, असं मी स्वतःला सांगितलं होतं. सिनसिनाटीचे छापखानेवाले मि. लिंडेल यांनी पहिली पाच प्रकरणं वाचून पत्र पाठवलं होतं, त्यात 'प्रकरणांचे शेवट विशेष हृद्य झाले आहेत' असं एक वाक्य होतं. ते पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती इतकी खूश झाली की तिने ते परत वाचायला लावलं.

बुधवारी सकाळी कॉफीसाठी चूल पेटवताना मी नवव्या प्रकरणाचे कच्चे कागद घातले. आधीचेही असेच गेले होते. शाळेत जाताना पक्की प्रत टपालात टाकली. आई माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आली आणि धक्क्याकडे वळली. दुसऱ्या तासाला आईची मैत्रीण परमेलिया मावशी शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. तिने हातातली टोपी छातीशी धरली होती. ती आईची टोपी होती.

होडी लागली होती, माणसं उतरत होती. आई प्रत्येकीच्या भुवईकडे बघत होती, जशी रोज बघे, आणि बघता बघता खाली बसली. एवढंच झालं. मी पोचले तेव्हा तिला कुणीतरी लोकरीच्या गाठोड्यावर टेकवून ठेवलं होतं.

*

दफन शुक्रवारी झालं. पुढचे आठ-दहा दिवस मला घरात एका जागी बसता येईना. मी भिंतीवरची गाळाची रेघ सोड्याने घासली. ती गेली नाही. माडीवरचे सतरा शर्ट हॉटेलात पोचवले. खाट फिरवून ठेवली आणि संध्याकाळी परत होती तशी केली. शाळेतून येताना पाय आपोआप धक्क्याकडे वळत, आणि मी ते मागे घेई.

दुसऱ्या आठवड्यात शनिवारी सकाळी सिनसिनाटीहून पुस्तकाचे तपासायचे छापील कागद आले. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, काही चुका असतील तर कडेला लिहून सोमवारच्या बोटीने परत पाठवाव्यात. मंगळवारी छपाई सुरू होईल. मी ते गुंडाळलेलेच टेबलावर ठेवले.

दुपारी परमेलिया मावशी आईचे कपडे आवरायला मदत म्हणून आली. परमेलिया गँट ही आईची, म्हणजे झिल्फाची, रिप्लीतली सगळ्यात जुनी मैत्रीण. सतरा वर्षं दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून दुसऱ्यांचे कपडे धूत आल्या. तिने टेबलावर पाय ठेवला, म्हणजे तिने भाजून आणलेला सफरचंदाचा गोड पाय, आणि कागदांकडे बोट केलं.

"हे ते?"

"हो."

"वाचून दाखव. सगळं नको. शेवट तेवढे वाच."

"मावशी, डोळे दुखतात. उद्या चर्चमधे पहिलं प्रकरण वाचायचंच आहे."

"उद्याचं उद्या. झिल्फाने मला नऊच्या नऊ शेवट तोंडपाठ म्हणून दाखवले होते, कपडे पिळता पिळता. एक-दोन मागेपुढे होतात माझे. पण नऊ हवेतच म्हणायची. मी म्हटलं, अगं सातात संपव, बायबलात जग सात दिवसांत झालं. तर म्हणते, जगात कुणाला शोधायचं नव्हतं."

मी आईचा परकर घडी करत होते. घडी पुन्हा उलगडली. "शोधायचं म्हणजे?"

परमेलिया मावशीने माझ्याकडे असं बघितलं जसं ती डाग न निघालेल्या कापडाकडे बघे.

"वर्तमानपत्रातलं पान ठाऊक आहे ना तुला? आपल्या चर्चच्या वर्तमानपत्रातलं?"

ठाऊक होतं. ताटातूट झालेल्या माणसांच्या चौकशीची पत्रं त्यात छापून येत. अमक्याची आई, तमक्याचा भाऊ, शेवटी कुठे पाहिला, मालकाचं नाव काय. खाली विनंती असे की ठिकठिकाणच्या पाद्र्यांनी हे मंडळींना वाचून दाखवावं. आईने दोनदा पत्र घातलं होतं. दोन्ही मीच लिहिली होती, कित्येक वर्षांपूर्वी. उत्तर आलं नाही.

"पत्र एका रविवारी वाचतात आणि विसरतात," मावशी म्हणाली. "पाद्री ऑग्डन एकदा म्हणाले, पुस्तक झालं की केंटकी, टेनेसी, मिसिसिपी, सगळीकडच्या आपल्या चर्चांना धाडू, दर रविवारी एक प्रकरण वाचतील. त्या दिवशी झिल्फा पिळे टाकून उभीच राहिली. म्हणाली, परमेलिया, नऊ प्रकरणं म्हणजे नऊ रविवार. लोक उशिरा येतात, मधे पेंगतात, मुलं रडतात. पण शेवटची ओळ वाचणारा जरा थांबून वाचतो, आणि ती झाली की सगळे उठतात. ऐकलेली ओळ घेऊनच दारातून बाहेर पडतात. कुठल्या तरी दारातून डेल्फीच बाहेर पडेल, नाहीतर डेल्फीची शेजारीण."

"मला नाही सांगितलं तिने."

"तुला काय सांगायचं? तू तर लिहीत होतीस."

ती थोडा वेळ कपाटात डोकं घालून राहिली. मग तिथूनच म्हणाली, "एवढं शिकलीस, विनी, पण ऐकणाऱ्या माणसांत कमीच बसलीस. सदा पहिल्या बाकावर पुस्तक घेऊन. तो पाय खा. तशीच वाळली आहेस."

ती गेल्यावर मी कागद उघडले. माझ्या नऊ ओळी छापील अक्षरांत होत्या. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी, 'अशा रीतीने माझ्या बाल्याचा सूर्य उगवण्याआधीच मावळला.' पेन्सिल घेऊन मी त्यावर काट मारली आणि कडेला आईची ओळ लिहायला घेतली. पहिली आठवली. दुसरी, तिसरीही. मी त्या आईचं बोट धरून मोठ्याने म्हटल्या होत्या. जीभ विसरली नव्हती. पण चौथी येईना. चौथ्या प्रकरणात डेल्फीला नेतात. तिला ज्याने नेलं त्या नवरदेवाचं नाव, त्याचा जिल्हा, तो कुठे जाणार होता, हे सगळं त्या एका ओळीत होतं, आणि मी ती ओळ मुळातच भराभर म्हणून टाकली होती. पोर्टर? पोलार्ड? नाव चुकलं तर ओळीचा काही उपयोग नव्हता. गुलामाला मालकाच्या नावाने शोधतात.

मी पुढे गेले. पाचवी, सहावी, सातवी, नववी. आठव्याची जागा कोरी ठेवली. तीही विसरले, असं मी स्वतःशी म्हटलं.

परमेलिया मावशीचं घर पन्नास पावलांवर होतं. चौथी ओळ तिला विचारता आली असती. पण विचारायचं तर, ती गेली कुठे, हे सांगावं लागलं असतं. मी शाल घेतली, तिच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. असं दोनदा केलं. दुसऱ्यांदा ती खिडकीतून म्हणाली, "काय गं, कोंबडी हरवलीय का?"

"नाही मावशी. पाय मोकळे करतेय."

"कर. तुझे पाय झिल्फावर गेलेत."

*

रविवारी चर्च भरलं होतं. आईच्या बाकावर कुणी बसलं नव्हतं. आधी गाणं झालं. आमच्याकडे सगळ्यांना वाचता येत नाही, म्हणून एकजण ओळ सांगतो आणि मंडळी ती ओळ घेऊन गातात. मग तो पुढची देतो. गेली कित्येक वर्षं टँडीकाका ओळ देतात. आधी होड्या बांधत. आता हात थरथरतात, पण आवाज तसाच आहे. त्यांनी ओळ द्यायची आणि चर्चने ती उचलून लांबवर न्यायची, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं की आई पुस्तक असंच समजत होती. ती ओळ देणार होती, आणि पलीकडून कुणीतरी ती उचलणार होतं.

पाद्री ऑग्डन म्हणाले, "आज प्रवचन नाही. आज सिस्टर झिल्फा ओव्हरबी बोलतील, त्यांच्या लेकीच्या, लव्हीनियाच्या तोंडून."

मी उभी राहिले. कागद हातात होते. "माझ्या हातात तागाची पेंढी होती," मी वाचलं, आणि मागून कुणी तरी म्हणालं, "होती, होती." तागाचं काम केलेले दहा-बारा जण तिथे होते. मग थंडीत कडक झालेले देठ, ते मोडायचं लाकडी यंत्र, बोटांच्या चिरा. मधलं माझं होतं आणि ते बरं होतं. लोक माना हलवत होते. मी पानाच्या तळाशी आले. छापील ओळ समोर होती. कडेला पेन्सिलीने आईची ओळ होती. ती वाचली असती तर कुणालाच काही कळलं नसतं. पहिल्या प्रकरणापुरतं निभावलं असतं.

मी थांबले ते जरा जास्त झालं.

"हं," परमेलिया मावशी पहिल्या बाकावरून म्हणाली. "आणि डेल्फी?"

"आणि डेल्फी?" मागच्या बायकांनी ओळ उचलली. त्यांना वाटलं, मी त्यासाठीच थांबले आहे.

मी कागद खाली ठेवले. "इथे नाही," मी म्हणाले. "आईने सांगितली होती. मी लिहिली नाही."

"म्हणजे छापणाऱ्याने खाल्ली?" मावशीने विचारलं.

"नाही. मी. नऊच्या नऊ. त्यांच्या जागी मी माझ्या घातल्या."

हातपंखे हलायचे थांबले. पाद्री ऑग्डन अर्धवट उठले आणि कुठे बघावं ते न कळून बसले.

"झिल्फा तर बोट ठेवायची ओळीवर," मावशी म्हणाली. "मला सांगितलं तिने. माझं बोट डेल्फीवर ठेवते विनी."

"मी दुसऱ्याच ओळीवर ठेवत होते."

 मावशीने हातमोजा काढला, मांडीवर ठेवला, परत घातला. मागून एका बाईचा आवाज आला, "पोरी, का गं?" त्यात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

"शिकलेल्यांचं असंच," दुसरी कुजबुजली. "आपलं बोलणं त्यांना ओबडधोबड वाटतं."

"तेही होतं," मी म्हणाले. "कागद उद्या सकाळच्या बोटीने परत जायचेत. उद्यापर्यंत ओळी परत घालता येतात. सात मला आठवल्या. चौथी आठवत नाही. कच्चे कागद मी चुलीत घातले. ज्यांनी ऐकली असेल त्यांनी द्या."

 मग टँडीकाका खोकले.

"चौथी म्हणजे लग्नाची ना?"

"हो, काका."

"पोग," ते म्हणाले.

"पोगच," मागून कोणी तरी दुजोरा दिला. "आर्चिबाल्ड पोग."

"फ्लेमिंग जिल्ह्यातला. उंच. एका डोळ्यात फूल."

"फूल उजव्या की डाव्या?"

"उजव्या! सतरा वर्षं चर्चच्या दर तिमाही सभेला झिल्फाच्या तोंडून ऐकतोय, बहिरा आहेस का?"

"बहिरा असतो तर तुझं घोरणं ऐकू आलं नसतं."

कुणीतरी हसलं, आणि ते हसू थांबलं नाही. हळूहळू बाकांवरून पुढे आलं. टँडीकाका उठले, बाकाची पाठ धरली आणि गाण्याची ओळ द्यावी तशी त्यांनी आईची ओळ दिली. "डेल्फी चार वर्षांची. तिला आर्चिबाल्ड पोगने नेलं. फ्लेमिंग जिल्हा, उजव्या डोळ्यात फूल. बायकोचं माहेरचं नाव थ्रेलकेल्ड. ते मिसिसिपीला जाणार होते."

आणि चर्चने ती म्हटली. गाण्यासारखी नाही, पण सगळ्यांनी मिळून. मी पेन्सिलीने लिहीत होते. पाद्री ऑग्डननी कागद उडू नये म्हणून बायबल कडेला ठेवलं.

"आणि आठवी?" परमेलिया मावशीने विचारलं. ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होती.

"आठवी तुम्हाला कुणाला येते का?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. टँडीकाकांनी मान हलवली. "आठवी म्हणजे कॅनडातली. ती तिने सभेत कधी सांगितली नाही."

"मला सांगितली होती," मावशी म्हणाली, "पण मी ती इथे म्हणणार नाही. ती विनीच्या जन्माची आहे. ज्याची आहे त्याने म्हणावी."

मी आठव्या प्रकरणाचं शेवटचं पान काढलं. कडेची जागा कोरी होती. छापील ओळ माझीच होती, आणि तिच्यात पहाट होती, पाळणा होता, स्वतंत्र भूमीवरचं पहिलं रडणं होतं. आईने ते प्रकरण सांगितलं त्या दिवशी मी मनात म्हटलं होतं, हे एक प्रकरण तरी माझं असेल. मग तिने शेवट सांगितला आणि त्यातही पहिलं नाव डेल्फीचं आलं. माझी लेखणी तिथेच थांबली. पुढचं मी ऐकलं आणि लिहिलं नाही, आणि नंतर बोट ठेवायच्या वेळी एका दमात म्हणून टाकलं. विसरले वगैरे काही नव्हते.

"आज डेल्फीला बहीण झाली," मी म्हणाले. "डेल्फी सहा वर्षांची आहे. तिला हे अजून कळलेलं नाही. कुणी भेटलं तर सांगा."

मी ते कडेला लिहिलं. पेन्सिलीचं टोक मोडलं. टँडीकाकांनी खिशातून सुतारी पेन्सिल काढून पुढे सरकवली. बाहेर धक्क्यावर होडीची घंटा झाली. रविवारची होडी उशिरा येते. इतक्या वर्षांत ती घंटा झाली की आई चर्चमधून उठून जाई आणि पाद्री तिच्यासाठी वाट मोकळी ठेवत. आजही मधली वाट मोकळी होती.

"वाच ना पुढे," मावशी म्हणाली. तिचा आवाज मऊ नव्हता. "शेवटची."

नववी मला पाठ होती. पण ती आईच्या तोंडची होती आणि आता तशी म्हणता येत नव्हती. मी कागदाकडे न बघता सुरुवात केली.

"माझी बहीण डेल्फी छत्तीस वर्षांची आहे. डाव्या भुवईवर भाजल्याची खूण. तिची आई वारली. तिची बहीण ओहायोत रिप्लीला नदीच्या पहिल्या गल्लीत राहते. तिचं नाव लव्हीनिया. आजपासून होडीला ती जाईल."